निराश, उदास, खिन्न, हताश हे समानार्थी आहेत का? आणि निराशावादी माणसाला बोलीत काय म्हणतात?

तुमच्या परीक्षेच्या मार्गदर्शक पुस्तकात हे चारही शब्द समानार्थी म्हणून एका ओळीत दिलेत, असं तुम्ही लिहिलंय. पण आधी तुमचा दुसरा प्रश्न घेतो, त्यात मजा जास्त आहे.

निराशावादी हा मनःस्थितीचा शब्दच नाही, तो मताचा आहे. पुढं वाईटच होणार असं धरून चालणारा तो निराशावादी. बाकी तो दिवसभर हसतखेळत असू शकतो. आमच्या परभणीकडं पारावर असे दोघंतिघं असतातच. जूनमध्ये विचारा, "यंदा काही खरं नाही बघा." बरं, पाऊस झाला, तर "आता जास्तीचा होऊन सोयाबीन सडतंय." अशाला कुणी निराशावादी म्हणत नाही. "लागली ह्याची नकारघंटा" म्हणतात, रडतराऊ म्हणतात, अगदीच अभद्र बोलला तर "शुभ बोल रे नाऱ्या." पण "काही खरं नाही" म्हणणारा हाच गडी दुसऱ्या दिवशी बियाणं घेऊन शेतात असतो, आणि पावसानं ओढ दिली तर उसनंपासनं करून दुबार पेरतो. ती नुसती बोलायची रीत आहे. चांगलं बोललं की दृष्ट लागते, म्हणून वाईट बोलून ठेवायचं.

आता ते चार शब्द. निराश व्हायला आधी कशाची तरी आशा धरलेली असावी लागते. "निकाल पाहून निराश झालो" बरोबर. "सकाळपासून उगीच निराश वाटतंय" हे मात्र कानाला खटकतं, तिथं उदास हवं. उदासला कारण लागत नाही. संध्याकाळ उदास असते, रिकामं घर उदास असतं. निराश फक्त माणूस होतो. हताशमध्ये आशाच मारली गेलेली आहे, हत आणि आशा. निराश झालेला पोरगा भरतीचा फॉर्म पुन्हा भरतो, हताश झालेला भरत नाही. हतबल त्याहून वेगळा : आशा शिल्लक असेलही, हातात काही नाही. खिन्न सौम्य आणि जरासा लिखित शब्द. आमच्याकडं कुणी खिन्न होत नाही, "तोंड पाडून बसलाय" एवढंच. विषण्ण तर जवळजवळ पुस्तकीच. पण तो आणि गीतेच्या पहिल्या अध्यायाच्या नावातला 'विषाद' एकाच धातूतून आलेत, आणि त्या अध्यायाच्या शेवटी अर्जुन खरोखरच धनुष्य टाकून रथात खाली बसतो. खचून बसणं म्हणजे विषण्ण होणं, हे एवढ्यानं लक्षात राहील.

सगळ्यात जास्त घोटाळा उदासीनचा. "प्रशासन उदासीन आहे" म्हणजे प्रशासनाला दुःख झालेलं नाही, त्याला काही पडलेलंच नाही. जुन्या मराठीत तर उदासचाही हाच अर्थ चाले, अलिप्त असा. तुकोबांचं "उदास विचारें वेच करी" वाचून तोंड पाडून पैसे खर्च करा असा अर्थ काढू नका. आसक्ती न ठेवता खर्च करा, असं ते सांगतायत.

आमचा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, कारभार उर्दूतून. त्यामुळं बेजार, परेशान हे इथं घरचेच शब्द आहेत. फारसी वळणाचे आणखी दोन सगळ्या महाराष्ट्रात चालतात. एक हवालदिल. त्यात निराशा नाही, धास्ती आहे. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा लोक हवालदिल होते. हताश असते तर रात्री घागरी घेऊन रांगेत उभे राहिले नसते. दुसरा नाउमेद. मूळ अर्थ आशा नसलेला, पण मराठीत उमेद म्हणजे नुसती आशा नव्हे, अंगातली हुशारीसुद्धा. म्हणून तर आपण 'उमेदीची वर्षं' म्हणतो, आणि बचतगटांच्या सरकारी अभियानालाही 'उमेद' हेच नाव दिलंय. नाउमेद झालेल्याचा जोर गेलेला असतो.

राहिला नैराश्य. हा आता डॉक्टरी शब्द झालाय आणि तसाच राहू द्यावा असं माझं मत आहे. दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळजवळ रोज मन खाली, कशातच रस नाही, झोप-भूक बिघडलेली, तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. परीक्षेत कमी गुण पडल्याच्या दुःखाला नैराश्य म्हणू नये. तसंच आमच्या भागातल्या शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांत कर्ज, नापिकी, पडलेला भाव हे सगळं 'नैराश्यातून' या एका शब्दात गुंडाळलेलं असतं, तेही मला पटत नाही. कारण बाहेरचं आहे आणि शब्द ते माणसाच्या डोक्यात नेऊन ठेवतो. 'कर्जबाजारीपणाला कंटाळून' हे त्याहून विचित्र. कंटाळा दुपारच्या तासाला येतो.

तुमच्या परीक्षेपुरतं म्हणाल, तर निराश-हताश आणि उदास-खिन्न अशा जोड्या धरा. उदासीन पर्यायात दिसला तर आधी वाक्य वाचा, मग खूण करा.