ओढ्यात सापडलेला पाणभुंगेरा नवीन प्रजातीचा वाटतो. त्याचं शास्त्रीय वर्णन कसं करायचं?

नुसत्या फोटोवर थांबू नका. नमुने ९५ टक्के इथेनॉलमध्ये ठेवा. आत पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी टाका: ठिकाण, अक्षांश-रेखांश, तारीख, डबकं की वाहतं पाणी. बॉलपेनची शाई इथेनॉलमध्ये विरघळते आणि बिनठिकाणाचा नमुना जवळपास निरुपयोगी ठरतो.

खरी ओळख बहुतेक वेळा नराच्या जननेंद्रियात असते. लॅकोफिलससारख्या वंशात पाठीवरचे पट्टे एकाच प्रजातीत बदलतात, त्यामुळे रंगावर विसंबू नका. नमुना कोमट पाण्यात मऊ करा, बारीक वाकड्या सुईनं पोटाच्या टोकातून तो अवयव अलगद ओढून काढा. बाजूनं आणि खालून, दोन्हीकडून चित्र काढा. टोकाचा बाक थोडा जरी तिरका पाहिला तरी वेगळाच दिसतो. नुकताच कात टाकलेला, फिकट, मऊ नर नको, त्याचा अवयव वाळल्यावर सुरकुततो. फक्त माद्या मिळाल्या असतील तर माझ्या मते थांबावं आणि पुन्हा शोधावं.

मग सगळ्यात वेळखाऊ काम: जवळच्या प्रजातींच्या मूळ प्रकार-नमुन्यांशी, म्हणजे ज्या नमुन्यांवरून त्या प्रजातींना नाव दिलं गेलं त्यांच्याशी, तुलना. हे टाळलं की जुन्याच प्रजातीला नवं नाव पडतं.

लेखात एकच होलोटाइप (नव्या नावाचा आधार असलेला एकमेव नमुना) आणि तो कोणत्या संग्रहालयात आहे ते स्पष्ट लिहा. प्रजातीचं नाव विशेषण असेल तर त्याचं लिंग वंशाच्या नावाशी जुळवा. फक्त ऑनलाइन छापणार असाल तर प्रकाशनाआधी झूबँक या प्राण्यांच्या शास्त्रीय नावांच्या ऑनलाइन नोंदवहीत नोंद हवीच. भारतातला नमुना असेल तर जैवविविधता कायदा २००२ नुसार अधिकृत भांडारात जमा करा.