शिकवलेलं सहामाहीपर्यंत का टिकत नाही, आणि वर्गात काय बदलता येतं

सर, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. बीड जिल्ह्यात तुम्ही सहावी ते आठवीला गणित-विज्ञान शिकवता. शिकवताना वर्ग माना डोलावतो, घटक चाचणीत लेकरं बरं लिहितात आणि सहामाहीला तीच लेकरं कोरी. प्रशिक्षणात मेंदूविज्ञानावर बरंच ऐकलंत आणि आता विचारताय, की खडू-फळ्याच्या, भरलेल्या वर्गात यातलं काय उपयोगाचं? वर पोर्शन मागे पडण्याची धास्ती आहेच.

मी लातूर जिल्ह्यात हेच विषय, याच वर्गांना बरीच वर्षं शिकवत आले आहे. उपयोगाचं आहे, नक्की आहे. जे सर्वांत जास्त उपयोगाचं, त्याला टॅब लागत नाही की स्मार्ट बोर्ड. तासातला जवळजवळ सगळा वेळ आपण लेकरांच्या डोक्यात घालण्यात घालवतो. डोक्यात गेलेलं त्यांनी स्वतः आठवून बाहेर काढावं, यासाठी वेळ ठेवतच नाही. आणि टिकतं ते आठवून काढल्यामुळे.

याला चांगला आधार आहे. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना विज्ञानविषयक छोटे उतारे दिले. एका गटाने उतारा चार पाळ्यांत पुन्हापुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने एकाच पाळीत वाचला आणि पुढच्या तिन्ही पाळ्यांत उतारा न बघता आठवेल तेवढं कागदावर लिहिलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते : त्यांना ८३ टक्के आठवत होतं, लिहिणाऱ्यांना ७१. आठवड्याने पारडं फिरलं. वाचणाऱ्यांकडे ४० टक्के उरलं, आठवून लिहिणाऱ्यांकडे ६१. आणि आपल्याला जास्त लक्षात राहील असं वाचणाऱ्या गटालाच जास्त वाटत होतं!

तुमच्या वर्गात होतंय ते हेच आहे. चाचणी पाठ संपल्या संपल्या होते, म्हणून ती पाच मिनिटांनंतरच्या परीक्षेसारखी. सहामाही म्हणजे नंतरची परीक्षा. शिकवताना लेकरांना जे सोपं वाटतं, त्या सोपेपणावर ना त्यांनी विसंबावं ना आपण. “समजलं का?” “हो सऽऽर!” या होकारातून काहीच कळत नाही. समोर फळ्यावर लिहिलेलं असताना सगळ्यांनाच समजलेलं असतं.

मी काय करते ते एका तासापुरतं सांगते, म्हणजे चित्र स्पष्ट होईल. आठवीचा गणिताचा तास. वर्गात शिरताच पुस्तकं-वह्या बंद, प्रत्येकासमोर पाटी किंवा पाठकोरा कागद. फळ्यावर चार प्रश्न. पहिला कालचा : (क्ष + ५) चा वर्ग विस्तारा. दुसरा गेल्या आठवड्याचा : दोन समांतर रेषांना छेदिका छेदते, एक कोन ७० अंशांचा, त्याचा संगत कोन किती आणि त्याच बाजूचा आंतरकोन किती? तिसरा महिन्यापूर्वीचा : २ चा ५ वा घात गुणिले २ चा ३ रा घात. चौथा खालच्या वर्गातला : ४०० ला घेतलेली वस्तू ४६० ला विकली, शेकडा नफा किती? चार मिनिटं कुणी बोलायचं नाही. मग शेजाऱ्याशी पाटी बदलायची, मी उत्तरं फळ्यावर मांडते, चुकलं असेल तिथं दुसऱ्या रंगाने बरोबर उत्तर लिहायचं. गुण द्यायचे नाहीत, कुठल्या रजिस्टरला नोंद नाही. तिसऱ्या प्रश्नाला निम्म्या वर्गाने २ चा १५ वा घात लिहिला, तर तो प्रश्न आकडे बदलून तीन-चार दिवसांनी परत येतो, आणि तोवर मी दोन मिनिटांत घातांची बेरीज का होते ते पुन्हा दाखवलेलं असतं.

यात दोन गोष्टी सोडू नका. एक, सगळ्यांनी लिहायचं. “कोण सांगेल?” म्हटलं की तेच पाच-सहा हात वर येतात. आठवण्याची मेहनत त्या पाच-सहा लेकरांची होते, बाकीचे ऐकतात. मागच्या बाकावरची, बोलायला लाजणारी मुलगी पाटीवर मात्र लिहिते. दुसरं, उत्तर लगेच तपासलं गेलं पाहिजे. नाहीतर चुकीचंच पक्कं व्हायची भीती. आणि गुण नकोतच. एकदा गुण आले की शेजारच्याचं बघणं आलं, घरी बोलणी बसणं आलं, आणि आठवायची सवय मोडली.

आता किती दिवसांनी परत विचारायचं? हा प्रश्न जुना आहे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून विसरण्याचा आलेख मांडला : सुरुवातीला झपाट्याने गळती, मग हळूहळू. अलीकडे, २००८ मध्ये, सेपेडा आणि सहकाऱ्यांनी मोठ्या गटावर पाहिलं, की पहिल्या अभ्यासानंतर उजळणी किती फटीने करावी. परीक्षा ३५ दिवसांवर असेल तर साधारण ११ दिवसांची फट चांगली ठरली, ७० दिवसांवर असेल तर साधारण २१ दिवसांची. दिवस मोजत बसू नका. मुद्दा इतकाच, की थोडं विसरू द्यायचं आणि मग आठवायला लावायचं. एकाच दिवशी तीच वीस गणितं घातल्याने जे होत नाही, ते तीन आठवड्यांत विखुरलेल्या सहा-सात गणितांनी होतं.

गणिताच्या शिक्षकाने आणखी एक करावं : गणितं मिसळावीत. सरावसंचातली सगळी गणितं एकाच जातीची असतात. वर 'सूट' लिहिलं आहे म्हणजे खालची सगळी सुटीची. लेकरू वाचतच नाही, दोन आकडे उचलतं आणि सूत्रात घालतं. परीक्षेत मात्र हे गणित कुठल्या जातीचं आहे हे आधी ओळखावं लागतं, आणि त्याचा सराव कधीच झालेला नसतो. रोरर आणि टेलर यांचा २००७ चा प्रयोग घ्या. चार वेगवेगळ्या घनाकृतींचं घनफळ काढायचं होतं. एकेका प्रकाराचा सलग सराव करणाऱ्यांची सरावात ८९ टक्के उत्तरं बरोबर, मिसळून करणाऱ्यांची ६०. आठवड्यानंतरच्या परीक्षेत सलगवाले २० टक्क्यांवर, मिसळवाले ६३. तेव्हा मिसळून दिल्यावर वर्गात चुका वाढल्या तर घाबरू नका, मुख्याध्यापकांनाही हे आधीच सांगून ठेवा.

इथं एक इशारा देते. डोक्यात काही गेलेलंच नसेल तर आठवून काढणार काय? पहिल्यांदा शिकवताना नीट, पायरीपायरीनं सोडवून दाखवण्याला पर्याय नाही. 'लेकरं स्वतः शोधून काढतील' या आग्रहापायी कमकुवत लेकरांचं नुकसान झालेलं मी पाहिलंय. हुशार मुलं शोधतात, बाकीची त्यांच्या वहीत बघतात. ऑस्ट्रेलियाचे जॉन स्वेलर यांनी १९८० च्या दशकात यावर काम केलं. एका वेळी मनात धरून ठेवण्याची आपली जागा फार लहान असते, नव्या गोष्टी असतील तर चारेक. नवशिक्या मुलाला सरळ अवघड गणित दिलं तर ती जागा चाचपडण्यातच भरून जाते, आणि उत्तर आलं तरी रीत शिकली जात नाही. म्हणून आधी पूर्ण सोडवलेलं उदाहरण : ३(क्ष − २) = १२, मग ३क्ष − ६ = १२, मग ३क्ष = १८, मग क्ष = ६. प्रत्येक पायरीला 'असं का केलं' हे मुलांकडून वदवून घ्यायचं. पुढच्या गणितात शेवटची पायरी कोरी ठेवायची, त्यापुढच्यात शेवटच्या दोन, मग सगळंच त्यांच्यावर सोडायचं. आठ-दहा मिनिटांचं काम आहे, आणि मागच्या बाकांवर फरक दिसतो.

याच कारणासाठी मी पाढ्यांच्या बाजूची आहे, अगदी ठामपणे. सात आठे छप्पन्न तोंडावर असेल तर ती लहानशी जागा मोकळी राहते. भागाकाराच्या मधेच बोटं मोजायला लागलेलं लेकरू आपण कुठं होतो हेच विसरतं. आमच्या आजोबांच्या पिढीला पावकी, निमकी, दिडकी, म्हणजे पाव-अर्ध्या-दीडचे पाढे, पाठ होते, आणि मोंढ्यावर, म्हणजे धान्याच्या बाजारात, हिशेब करताना ती माणसं अडत नव्हती. चेस आणि सायमन यांनी १९७३ मध्ये दाखवलं की बुद्धिबळातले तरबेज खेळाडू खऱ्या डावाची मांडणी क्षणभर पाहून उभी करतात, पण सोंगट्या कशाही मांडल्या की ते नवख्यांच्याच पंगतीला येतात. त्यांचा विचार साठवलेल्या माहितीच्या जोरावर चालतो. पाठांतर की आकलन, हा वाद मला म्हणूनच निरर्थक वाटतो. अर्थ न कळता घोकणं वाईटच, पण अर्थ कळूनही काहीच पाठ नसणं तितकंच महागात पडतं.

मोंढ्याचा विषय निघालाच आहे, तर आपल्या भागासाठी फार महत्त्वाची गोष्ट सांगते. आठवडी बाजारात आईबरोबर भाजी विकणारं लेकरू पावणेदोन किलोचे पैसे चटकन सांगतं आणि शाळेत दशांश अपूर्णांकाला अडतं, हे तुम्हीही पाहिलं असेल. २०२५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणारी मुलं गुंतागुंतीचे व्यवहार तोंडी करत होती, पण तशीच गणितं शाळेच्या पद्धतीने मांडली की अडत होती. शाळेत जाणाऱ्या, बाजारात काम न करणाऱ्या मुलांचं उलटं. म्हणजे इकडचं ज्ञान तिकडे आपोआप जात नाही, शिक्षकाने न्यावं लागतं. मी काय करते, आधी तोंडी विचारते : सोयाबीन १२ क्विंटल ४० किलो, भाव ४३०० रुपये क्विंटल, पट्टी (विक्रीचे पैसे) किती होईल? लेकरं बारा क्विंटलचे ५१,६०० आणि चाळीस किलोचे १,७२० असं वेगळं काढून ५३,३२० वर येतात. मग त्यांनी जे केलं तेच फळ्यावर मांडायचं : १२.४ × ४३००. 'तू आत्ता केलंस ते हेच' हे वाक्य मात्र उच्चारावं लागतं. ते गृहीत धरून चालत नाही.

तुमच्याकडे ऊसतोडीचा प्रश्न माझ्यापेक्षा मोठा आहे. दिवाळीच्या आगेमागे गेलेली लेकरं मार्च-एप्रिलमध्ये परततात आणि आपण म्हणतो, सगळं विसरली. एबिंगहाउसची दुसरी शिकवण इथं कामाला येते. त्याने न आठवणारी गोष्ट पुन्हा शिकायला किती वेळ लागतो ते मोजलं, आणि तो पहिल्या वेळेपेक्षा कमी निघाला. म्हणजे वरून कोरं दिसणारं लेकरू खरं तर कोरं नसतं. त्याला खालच्या वर्गात बसवण्याआधी दोन आठवडे रोज थोडी थोडी, जमतील अशी जुनी गणितं द्या. पहिल्याच दिवशी वर्ग जिथं पोचलाय तिथं ढकललं तर ते शाळाच सोडेल. जे शिकवलंच गेलं नाही ते मात्र शिकवावंच लागणार, त्याला कुठलंही विज्ञान पर्याय देत नाही.

तांड्यावरून येणाऱ्या, घरी गोरमाटी (बंजारा बोली) बोलणाऱ्या लेकरांचंही लक्षात असू द्या. शाब्दिक उदाहरणात त्यांची निम्मी ताकद मराठी उलगडण्यातच जाते. गणित आधी बोलीत सांगून बघा, मग ठरवा की अडचण गणिताची आहे की भाषेची.

प्रशिक्षणात ऐकलेल्यापैकी 'हे मूल बघून शिकणारं, ते ऐकून शिकणारं' अशी वर्गवारी खुशाल सोडून द्या. २००८ मध्ये पॅशलर आणि सहकाऱ्यांनी पुरावे तपासले, तशा वाटणीने शिकवण्याला पुरेसा आधार त्यांना सापडला नाही. चित्र आणि शब्द दोन्ही सगळ्यांनाच लागतात. आणि डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवतो म्हणणाऱ्या क्लासेसचे लोक शाळेत आले तर त्यांना दारातूनच परत पाठवा. पालकांचे कष्टाचे पैसे लुबाडणारी शुद्ध फसवणूक आहे ती.

पालक विचारतात, लातूरला मुलं दिवसरात्र अभ्यास करतात, मग आमच्यानं का करून घेत नाही? त्यांना सांगा, लातूर पॅटर्नमध्ये तासांइतकाच सराव चाचण्यांचा वाटा आहे : सोडवा, तपासा, चुकलेलं पुन्हा सोडवा. तेवढं घ्या, जागरणं घेऊ नका. दिवसा शिकलेलं झोपेत पक्कं होतं, आणि तेरा वर्षांच्या लेकराची झोप मोडून अभ्यास वाढत नाही.

राहिला पोर्शन. पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासिकेतली आठ मिनिटं गेली की पहिल्या महिन्यात तुम्ही शेजारच्या तुकडीच्या मागे पडणार, हे धरून चाला. ती मिनिटं दोन ठिकाणी भरून निघतात. नवा पाठ सुरू करताना मागचं पुन्हा शिकवावं लागत नाही, कारण ते रोजच्या चार प्रश्नांत जागं राहिलेलं असतं. आणि सहामाहीआधी उजळणीसाठी आपण जो आठवडा-दीड आठवडा राखून ठेवतो, तो बराचसा मोकळा होतो. मुख्याध्यापकांकडे परवानगी मागताना एकाच तुकडीची मागा, आठवीच्या. जून-जुलैच्या घटकांवरचे दहा प्रश्न आत्ताच लिहून त्यांच्याकडे लिफाफ्यात ठेवा आणि दिवाळीच्या सुटीआधी दोन्ही तुकड्यांना न सांगता सोडवायला द्या. पुढे काय करायचं ते त्या पाट्या बघून दोघं मिळून ठरवता येईल.