सासऱ्यांचे कागद आवरायला घेण्याआधी

ताई, तुमचे सासरे इंदुरात पत्रकारिता शिकवत. आता रामबागेतलं घर रिकामं करायचंय, तर कपाटभर कागदांतले कामाचे तेवढे ठेवून बाकीचे रद्दीत द्यावेत का, असं तुम्ही विचारलंय. कळकळीने सांगतो, अजून काहीच निवडू नका. आधी प्रत्येक कप्प्याचा फोटो काढा. कुठला गठ्ठा कशाशेजारी होता, यावरून सरांच्या कामाची पद्धत कळते. विषयवार लावायला बसलात की ती गेलीच.

आपण कात्रणं जपतो, पण इंदूरच्या 'नई दुनिया' या हिंदी दैनिकाचा जुना अंक दुसरीकडेही मिळू शकतो. सरांनी लाल शाईने तपासलेली विद्यार्थ्याची बातमी मात्र एकच असते. कुठला मथळा खोडला, खालचं कुठलं वाक्य उचलून इंट्रोत, म्हणजे बातमीच्या पहिल्या परिच्छेदात, नेलं, समासात काय विचारलं, त्यात त्यांचं शिकवणं दिसतं. राहुल बारपुते, राजेंद्र माथुर या 'नई दुनिया'च्या संपादकांच्या या शहरात पुढची पिढी कशी घडली, हे उद्या कोणी शोधलं तर त्याला हेच कागद लागतील. घरची पत्रंही बाजूला काढू नका. लग्नाच्या याद्यांखालीच संपादकाशी झालेल्या वादाची हकिगत निघते.

गंजलेल्या टाचण्या हलक्या हाताने काढा. सेलोटेप, लॅमिनेशन अजिबात नको. वर्तमानपत्राच्या कागदातलं आम्ल शेजारच्या कागदालाही डाग पाडतं, म्हणून मध्ये आम्लरहित कागद घाला. फॅक्सचे गुळगुळीत कागद सगळ्यात आधी स्कॅन करा, त्यांवरची अक्षरं उडतात.

द्यायचंच ठरलं तर भोपाळच्या माधवराव सप्रे समाचारपत्र संग्रहालयात विचारा. १९८४ पासूनची संस्था आहे, जुन्या वृत्तपत्रांची तिथे कदर आहे. संग्रह फोडून चार ठिकाणी वाटू नका, असं माझं ठाम मत आहे. अटी लेखी घ्या. पत्र तुमच्या घरात असलं तरी मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा, आणि त्याच्या मृत्यूनंतर वारसांचा. विद्यार्थ्यांचे गुण, शिफारसपत्रं बंद पाकिटात घाला, त्यांच्या मूळ जागी खुणेची चिठ्ठी ठेवा आणि ती पाकिटं किती वर्षं उघडायची नाहीत ते दानपत्रात लिहून घ्या.

फोन करण्याआधी खोकानिहाय यादी तयार ठेवा: काय आहे, साधारण कुठल्या सालचं, कुठल्या भाषेत. इंदूरचे कागद म्हणजे मराठी-हिंदी सरमिसळ असणारच, तेही लिहा.