निवृत्तीनंतर आरव्हीतून अमेरिका फिरत वाटेतली म्युझियम बघणं या वयात झेपतं का?

तुम्ही लिहिलंय की दोघंही निवृत्त आहात, आरव्ही, म्हणजे आत राहायची सोय असलेली मोटरहोम, घ्यायचा विचार आहे, म्युझियमची आवड आहे, पण दगदगीची भीती वाटते. मी 67 ची, नवरा 71 चा, आणि गेली चार वर्षं आम्ही उन्हाळाभर असेच फिरतो. झेपतं. उलट म्युझियमवेड्या म्हाताऱ्यांसाठी याहून बरी सोय मला माहीत नाही.

म्युझियममध्ये आधी थकतात ते पाय आणि कंबर. चार पावलं चालायचं, थांबायचं, पाटी वाचायची, पुन्हा चार पावलं. सकाळी दोन तास फिरायला गेलं तरी इतकं दुखत नाही. हॉटेलात उतरलेली माणसं तिकिटाचे पैसे वसूल करायचे म्हणून तशीच रेटत राहतात. आमचं अंथरूण बाहेर पार्किंगमध्येच असतं. साडेबाराला बाहेर यायचं, कुकर लावायचा, तासभर आडवं व्हायचं आणि तीनला ताजेतवाने होऊन परत आत. त्यामुळे आमचा नियम एकच: दिवसाला एक म्युझियम, आणि ज्या दिवशी म्युझियम त्या दिवशी लांबचा पल्ला नाही.

या पद्धतीला सगळ्यात सोयीचं ठिकाण म्हणजे ओहायोत डेटनजवळचं अमेरिकन हवाई दलाचं राष्ट्रीय म्युझियम. प्रवेश फुकट, पार्किंग फुकट, कितीही वेळा आतबाहेर करा. हँगरएवढ्या चार इमारतींत साडेतीनशेच्या वर विमानं आणि क्षेपणास्त्रं आहेत. हत्या झालेले राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचं शव डॅलसहून वॉशिंग्टनला ज्यातून आणलं आणि ज्यात उपाध्यक्ष जॉन्सन यांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली, ते विमान तिथे आहे. त्यात चढून अरुंद बोळातून चालता येतं. शवपेटी ठेवायला मागची आसनं काढावी लागली होती. त्या जागेपाशी आम्ही दोघंही गप्प झालो. वायोमिंगमध्ये कोडीला बफेलो बिल सेंटरमध्ये एका छपराखाली पाच म्युझियम आहेत आणि तिकीट सलग दोन दिवस चालतं. तिथे दोन मुक्काम कराच.

पण माझ्या मनात घर केलं ते साउथ डकोटातल्या हॉट स्प्रिंग्सच्या मॅमथ साइटने. मॅमथ म्हणजे हत्तीचा नामशेष झालेला नातेवाईक. 1974 मध्ये घरं बांधायला जमीन सपाट करताना यंत्राला मॅमथचा सुळा लागला. हिमयुगात तिथे जमीन खचून खोल खड्डा झाला होता, त्यात झऱ्याचं पाणी. पाण्याच्या ओढीने मॅमथ उतरायचे आणि निसरड्या काठावरून त्यांना वर येता यायचं नाही. आजवर 61 मॅमथ सापडलेत, बहुतेक तरुण नर. हाडं उचलून कपाटात न ठेवता जिथे सापडली तिथेच ठेवलीत आणि त्यांच्यावर इमारत बांधलीय. विमानाने येणाऱ्या पाहुण्यांच्या यादीत असं गाव कधी येत नाही.

शहरातल्या म्युझियमपाशी मात्र गाडी नेऊ नका. एकदा आम्ही नेली. पार्किंग तळघरात, आमच्या गाडीची उंची अकरा फूट. दीड तास गल्ल्यांतून फिरलो आणि काहीच न बघता परतलो. आता गाडी शहराबाहेरच्या कॅम्पग्राउंडवर ठेवतो आणि ट्रेनने जातो. गाडीत स्वयंपाकाच्या गॅसची टाकी असते हेही लक्षात ठेवा: बाल्टिमोरच्या बोगद्यांतून ती न्यायला बंदी आहे, शहराला वळसा घालावा लागतो.

पैशाचं म्हणाल तर घराजवळच्या एखाद्या विज्ञान केंद्राचं असं सदस्यत्व घ्या, ज्यात एएसटीसी पासपोर्ट, म्हणजे विज्ञान केंद्रांच्या संघटनेचा एकमेकांकडे प्रवेश देणारा पास, मिळतो. घरापासून 90 मैलांपलीकडच्या, योजनेत सामील असलेल्या केंद्रांत मग सहसा फुकट जाता येतं. कला आणि इतिहासाच्या म्युझियमसाठी नार्म नावाची तशीच योजना आहे. वय 62 किंवा त्याहून जास्त असेल आणि तुम्ही नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असाल, तर राष्ट्रीय उद्यानांचा आजीव सीनिअर पास 80 डॉलरला मिळतो. काही सरकारी कॅम्पग्राउंडवर त्याने भाडंही निम्मं होतं.

मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा, कुठलं आहे ते निघायच्या आधी तपासा. मूळ मेडिकेअर देशभर चालतं. खासगी कंपनीमार्फत मिळणारी ॲडव्हांटेज योजना असेल आणि ती एचएमओ प्रकारची, म्हणजे ठरावीक डॉक्टरांपुरती असेल, तर बाहेरगावी बहुधा तातडीच्या उपचारांपुरतीच.

आणि गाडी लगेच विकत घेऊ नका. आधी दोन आठवडे भाड्याने घ्या. मैल्याची टाकी स्वतः एकदा रिकामी करून बघा, कारण ते काम कुणालाच चुकत नाही. मग इंडियानात एल्कहार्टला जा. अमेरिकेतल्या आरव्ही मोठ्या संख्येने त्याच भागात बनतात, आणि तिथल्या आरव्हींच्या म्युझियममध्ये 1913 सालचा ट्रेलरसुद्धा उभा आहे. तो बघून झाला की विक्रेत्यांकडे जाऊन प्रत्येक गाडीतल्या पलंगावर खरोखर दहा मिनिटं पडून बघा, दोघांनीही. ड्रायव्हरच्या डोक्यावरचा, शिडीने चढायचा पलंग दाखवला तर सरळ नको म्हणा.