सहाव्या पेपरची फी भरू नका, पोराला काय खटकलंय ते ऐका

नांदेडहून एका वडिलांचं पत्र आलंय, थोडक्यात असं. मुलगा कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. "आठ महिन्यांत त्याचे पाच इंटरनॅशनल रिसर्च पेपर छापून आणले, वर्क फ्रॉम होममधल्या प्रॉडक्टिव्हिटीपासून ते एमआरआयवरून ब्रेन ट्यूमर ओळखण्यापर्यंत, सगळे आयएसएसएनवाल्या जर्नलमध्ये. एमएसला अमेरिकेत पाठवायचंय, प्रोफाइलला दहा तरी पेपर लागतील असं एका कन्सल्टंटने सांगितलं. मित्रमंडळींनी कॉलनीच्या गेटवर अभिनंदनाचा फ्लेक्स लावला. आणि आता साहेब सहाव्याची फी भरू देत नाहीत. म्हणे ट्यूमरच्या पेपरातला आकडा खोटा आहे, एकाच पेशंटचे फोटो दोन्हीकडे गेलेत. रात्रंदिवस तेच घेऊन बसतो, घरात कुणाशी बोलत नाही, मामेबहिणीच्या लग्नालाही आला नाही. मला पेपर नकोत, ते एमआरआयचं मशीन कसं चालतं ते बघायचंय म्हणतो. मॅडम, हा नुसता आळस आहे, तुम्ही समजवा त्याला."

नमस्कार दादा,

पत्र वाचलं, सोबत पाठवलेल्या पाचही पीडीएफ बघितल्या, आणि समजवायचं कुणाला याबाबत माझं मत तुमच्यापेक्षा जरा वेगळं झालंय. रागावू नका, पण बोलावं लागणार ते तुमच्याशीच.

आधी त्याला काय खटकलंय ते बघू, कारण पत्रात तुम्ही ते एका ओळीत उरकलंय आणि माझ्या मते तुमच्या अख्ख्या पत्रात कामाची ओळ तेवढीच आहे. ट्यूमरच्या पेपरात जो डेटा वापरलाय तो चीनमधल्या हॉस्पिटलांमधून गोळा झालेला, नेटवर फुकट मिळणारा, जगभरातली हजारो पोरं प्रोजेक्टला हाच घेतात. त्यात ३,०६४ चित्रं आहेत पण पेशंट आहेत फक्त २३३. म्हणजे एकेका माणसाच्या मेंदूच्या सरासरी तेराएक स्लाइस, म्हणजे एकामागून एक घेतलेल्या कापांची चित्रं, आणि त्यातल्या लागोपाठच्या दोन स्लाइस शेजारी ठेवल्या तर तुम्हाआम्हाला फरकही सांगता येणार नाही. आता पेपरात काय केलंय, तर सगळी चित्रं एकत्र करून त्यातली ८० टक्के मशीनला शिकवायला आणि २० टक्के परीक्षेला, कुठली कुठे गेली ते नशिबावर. मग एकाच पेशंटची सातवी स्लाइस शिकवणीत आणि आठवी परीक्षेत, असं शेकडो वेळा होणार की नाही? मशीनने ट्यूमर ओळखला की ते डोकं आधी पाहिलेलं होतं म्हणून बरोबर उत्तर दिलं, हे कुणालाच सांगता येत नाही. आणि खाली ठळक अक्षरात ९८.९ टक्के अ‍ॅक्युरसी. उद्या नांदेडचा एखादा नवा पेशंट त्या प्रोग्रॅमसमोर आला तर हा आकडा किती खाली येईल ते कुणी तपासलंच नाहीये.

हे तुमच्या मुलाने स्वतःहून पकडलं. पेपर जर्नलमध्ये गेला, तीन दिवसांत "रिव्ह्यू होऊन" स्वीकारला गेला, त्या जर्नलच्या एकाही माणसाला हे दिसलं नाही, गाईडला दिसलं नाही, त्याला दिसलं. आणि ही काही बारीकसारीक चूक नाहीये हो. कोविडच्या काळात छातीच्या एक्स-रे आणि सीटीवरून कोविड ओळखणारे एआय प्रोग्रॅम धडाधड निघाले होते ना, २०२१ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांच्या पुढाकाराने त्यांची छाननी झाली, निकषांवर गाळून शेवटी ६२ अभ्यास उरले आणि त्यातला एकही दवाखान्यात वापरण्याजोगा निघाला नाही. कारणं भरपूर होती, पण एक ऐका. कोविड नसलेले एक्स-रे म्हणून बऱ्याच जणांनी एक ते पाच वर्षांच्या मुलांचे फोटो घेतले होते, आणि कोविडवाले सगळे मोठी माणसं. म्हणजे मशीन लहान मूल आणि मोठा माणूस यातला फरक शिकून बसलं असणार, आणि आकडे मात्र झकास! भल्याभल्या संस्थांमधल्या पगारी संशोधकांच्या हातून असं सुटतं, आणि तुमचं पोरगं हॉस्टेलवरच्या लॅपटॉपवर बसून तशीच गोची शोधून काढतं, आणि तुम्ही त्याला आळस म्हणताय.

मला पत्रात काळजी वाटली ती त्याच्या प्रोफाइलची नाही. तो सुट्टीत घरी येतो, गेटवर स्वतःचाच फोटो असलेल्या फ्लेक्सखालून आत जातो, आणि त्याला माहीत असतं की त्यावरचा एक पेपर चुकीचा आहे. हे त्याने तुम्हाला सांगून बघितलं, तुम्ही म्हणालात फी भर. त्या लग्नात पाहुण्यांनी "काय म्हणतात आमचे सायंटिस्ट" असं दहा वेळा विचारलं असतं, तो कशाला येईल? माझ्याकडे तीस टक्क्यांवर नापास झालेली मुलं येतात ती बोलतात तरी, रडतात, भांडतात. ज्यांचं यश आईवडिलांनी परस्पर जाहीर करून टाकलेलं असतं ती मात्र गप्प होतात, कारण आता खरं बोललं तर घरच्यांची इज्जत जाणार. तेव्हा सगळ्यात आधी तो फ्लेक्स उतरवा. मित्रमंडळींना कारण काय सांगायचं ते तुम्ही बघा, मुलावर ढकलू नका. आणि झोप-जेवण बिघडलं असेल, किंवा गप्प राहणं असंच लांबत चाललं असेल तर करिअरबिरिअर बाजूला ठेवून आधी मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे जा, १४४१६ ही सरकारी टेलिमानस हेल्पलाइन आहे, मराठीत बोलता येतं, फुकट आहे.

आता ते आयएसएसएन. हा गैरसमज मला रोज कुठल्या ना कुठल्या पत्रात भेटतो म्हणून जरा सविस्तर लिहिते. आयएसएसएन हा नियतकालिकाला मिळणारा ओळख क्रमांक आहे, बस. आपल्याकडे तो दिल्लीहून, सीएसआयआरच्या संस्थेतून मिळतो, तोही फुकट, आणि क्रमांक दिला म्हणजे आतला मजकूर कुणी तपासला असा त्याचा अर्थच होत नाही. तुम्ही पाठवलेल्या पाचपैकी चार जर्नलच्या पहिल्या पानावर "इम्पॅक्ट फॅक्टर ७.८", "८.२" असं छापलंय, पण खरा इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे जर्नलमधल्या पेपरांचा दाखला इतर संशोधक सरासरी किती वेळा देतात त्याचा आकडा, क्लॅरिव्हेट नावाची कंपनी काढते आणि तिच्या यादीत या चौघांपैकी एकही नाही, मी बघितलं. आणि एकाच अंकात मॅनेजमेंट, कॅन्सर, ऊस, योगा आणि ब्लॉकचेन? हे सगळं तपासणारा संपादक कुठे असतो हो? हा धंदा नवा नाही. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, मान्यताप्राप्त जर्नलची यादी काढली होती, तिच्यात विद्यापीठांच्या शिफारशीवरून घुसलेली जर्नल्स पुण्याच्या विद्यापीठातल्या भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासली, २०१८ मध्ये करंट सायन्स या विज्ञान नियतकालिकात छापून आलं, आणि त्यातली ८८ टक्क्यांहून जास्त कमी दर्जाची असू शकतात असा निष्कर्ष निघाला. त्याच वर्षी यूजीसीने चार हजारांवर जर्नल्स यादीतून काढून टाकली. नंतर यूजीसी-केअर नावाची नवी यादी आली, तीही २०२५ मध्ये बंद केली. म्हणजे "यूजीसी अप्रूव्ह्ड" असं आज कुणी छापत असेल तर ते तेवढ्यावरच ओळखावं. हां, पैसे घेणारं प्रत्येक जर्नल फसवं असतं असंही नाही, चांगली जर्नल्ससुद्धा घेतात आणि तुम्ही एका पेपरला भरता त्या अडीच हजारांच्या कितीतरी पट घेतात, पण ती आधी महिनोन्‌महिने प्रश्न विचारून जीव नकोसा करतात आणि बहुतेक पेपर परत पाठवतात.

आणि दहा पेपरचं गणित त्या कन्सल्टंटने कुठून आणलं ते त्यालाच विचारा. अमेरिकेतल्या एमएसच्या अर्जाला पेपर सक्तीचे नसतात, मार्क, एसओपी (का शिकायचंय ते सांगणारा निबंध) आणि शिक्षकांची शिफारसपत्रं बघतात, काही ठिकाणी जीआरई ही प्रवेश परीक्षा. आपल्याकडे तर पीएचडीचा प्रबंध देण्याआधी पेपर छापलाच पाहिजे ही अटसुद्धा यूजीसीने २०२२ मध्येच काढली. उलट असे पाच पेपर बघितले की जाणकार प्रोफेसर अर्ज बाजूला ठेवण्याचीच शक्यता जास्त.

पेपर मोजायचेच असतील तर अ‍ॅलन कॉरमॅक नावाचा माणूस बघा. मूळचा दक्षिण आफ्रिकेचा फिजिक्सवाला. शरीरातून आरपार गेलेल्या किरणांवरून आतलं चित्र गणिताने कसं उभं करायचं यावर त्याने १९६३ आणि १९६४ मध्ये दोन पेपर लिहिले, जवळपास कुणी ढुंकून बघितलं नाही. तिकडे इंग्लंडमध्ये ईएमआय कंपनीतला इंजिनिअर गॉडफ्रे हाउन्सफिल्ड, ज्याच्याकडे विद्यापीठाची पदवीही नव्हती, तो स्वतंत्रपणे त्याच प्रश्नाला भिडला होता. त्याचं पहिलं प्रयोगाचं यंत्र एक स्कॅन करायला नऊ दिवस घ्यायचं! ऑक्टोबर १९७१ मध्ये लंडनच्या हॉस्पिटलात पहिल्या पेशंटच्या मेंदूचा सीटी स्कॅन झाला, आणि १९७९ मध्ये वैद्यकशास्त्राचं नोबेल या दोघांना मिळून मिळालं, दोघांपैकी कुणीही डॉक्टर नाही. तुमच्या मुलाला मशीन आतून बघायचंय ना, ते याच खानदानातलं आहे, त्यात फिजिक्स लागतं, गणित लागतं, इलेक्ट्रॉनिक्स लागतं आणि कोडिंग तर त्याला येतंच.

मग करायचं काय. सहावा पेपर बंद, हे ठरलं. त्याला म्हणावं तोच डेटा घे, पण या वेळी स्लाइस नाही, पेशंट वाटून घे, एका पेशंटच्या सगळ्या स्लाइस एकतर इकडे नाहीतर तिकडे, आणि तोच प्रोग्रॅम परत चालव. आकडा पडेल. किती पडला, कुठल्या प्रकारच्या ट्यूमरला जास्त पडला, असं का झालं असेल, हे सात-आठ पानांत साध्या भाषेत लिही, कोड उघडा ठेव, आणि ट्यूमरच्या पेपरात माझं हे चुकलं होतं असं नाव घालून लिही. या कामाला कुठलंही जर्नल नको. हीच पानं जोडून इमेजिंगवर काम करणाऱ्या चार-पाच जणांना मेल करायचा, आयआयटी मुंबईत, बंगळुरूच्या आयआयएस्सीत, लखनौच्या सीबीएमआरमध्ये, तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रामध्ये अशी माणसं आहेत. सगळे उत्तर देणार नाहीत, पण "मी माझीच चूक अशी शोधली" असा मेल त्यांना रोज येत नाही. विज्ञान अकादमींची समर फेलोशिप असते दोन महिन्यांची, तिचा फॉर्म साधारण नोव्हेंबरात भरतात, तोही भरायचा. गावातल्या एखाद्या स्कॅन सेंटरच्या टेक्निशियनला विनंती करून एक दुपार कन्सोलच्या खोलीत बसायला मिळतंय का ते मात्र तुम्ही बघा, तुमच्या ओळखी आहेत, त्या इथे वापरा. एमआरआयच्या चुंबकाच्या खोलीत जाताना खिशातलं सगळं बाहेर काढायला लावतात, ते ऐकायचं.

पुढचे रस्ते नेहमीचेच. गेट या प्रवेश परीक्षेत २०२० पासून बायोमेडिकल इंजिनिअरिंगचा वेगळा पेपर आहे, त्यावरून एमटेक, नाहीतर चांगल्या ठिकाणी पीएचडी. बीएआरसीचा (भाभा अणुसंशोधन केंद्राचा) रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा तुम्हाला कुणी सुचवेल, तो चांगलाच आहे पण फिजिक्समध्ये एमएस्सी झालेल्यांसाठी, याच्यासाठी नाही. आणि पीएचडी म्हटल्यावर "तिशीपर्यंत घरातून पैसे पुरवायचे का" हा प्रश्न पत्राच्या शेवटी आहेच, तर नाही, फेलोशिप मिळाली तर जेआरएफला, म्हणजे ज्युनिअर रिसर्च फेलोला, महिन्याला ३७ हजार आणि वर घरभाडं मिळतं. श्रीमंत होत नाही माणूस, पण तुमच्याकडे हातही पसरत नाही. अमेरिकेला जायचं असेल तर जाऊ दे की, पण हे काम झाल्यावर, आणि त्याला जायचं असेल तर.

छापलेल्या पाचांचं काय करायचं ते त्याला ठरवू द्या. ट्यूमरचा पेपर मागे घेतोय असा मेल त्याने जर्नलला टाकावा, काही ठिकाणी मागे घ्यायलाही पैसे मागतात, ते द्यायचे नाहीत, मेलची कॉपी जपून ठेवायची. बाकीचे चार सीव्हीत नकोत. वर्क फ्रॉम होमच्या पेपरमध्ये "सर्वेक्षण" म्हणून जे आहे ते कुणाचं, कधी केलं, याचा पत्ता नाही, आणि त्यातला अर्धा मजकूर मला दुसरीकडे जसाच्या तसा सापडला, हे त्यालाही माहीत असावं, विचारून बघा, पण दरडावून नको.

आणि हो, चौथ्या, ब्लॉकचेनवरच्या पेपरावर तुमच्या बारावीतल्या पुतणीचं नाव आहे, "तिलाही पुढे उपयोग होईल" म्हणून टाकलंय असं तुम्ही सहज लिहून गेलात. लग्नपत्रिकेत घरातल्या सगळ्यांची नावं घालतात तशी पेपरवर घालायची नसतात. तिच्या वडिलांना आजच फोन करून सांगा, तिच्या कुठल्याही फॉर्मवर, स्कॉलरशिपच्या अर्जावर तो पेपर लिहायचा नाही. मुलाखतीत कुणी ब्लॉकचेनवर एक साधा प्रश्न विचारला तर अडचणीत ती पोरगी येणार, आपण नाही.