घराजवळच्या छोट्या पवनचक्कीमुळे वटवाघळं मरतात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पाटणच्या वरच्या अंगाला शेतघर आहे, ३ किलोवॅटची पवनचक्की विहिरीच्या कडेला उभी करायची आहे आणि त्या विहिरीवर रोज तिन्हीसांजेला पाकोळ्या, म्हणजे छोटी किडेखाऊ वटवाघळं, घिरट्या घालतात. त्या पात्यांत सापडून मरतील का?

एखाददुसरी मरेल. पण त्या विहिरीवर यायच्याच बंद होतील, याची मला जास्त काळजी वाटते.

मी मूळचा कोरेगाव तालुक्यातला. गेली बारा वर्षं स्कॉटलंडमध्ये शेतांवरच्या छोट्या पवनचक्क्यांची देखभाल करतो. बेअरिंग, पाती, कंट्रोलर, यातच दिवस जातो. प्राणिशास्त्र शिकलेलो नाही, पण इथे खांब उभारायची परवानगी काढायला गेलं की वटवाघळांचा विषय निघतोच, म्हणून चार गोष्टी कळल्या. (इथे वटवाघूळच नव्हे, त्याची लटकायची जागासुद्धा कायद्याने संरक्षित आहे. जुन्या कोठाराचं छप्पर उतरवायचं म्हटलं तरी आधी पाहणी करावी लागते.)

छोट्या पवनचक्क्यांवर नेमका प्रयोग झाला तो इथल्याच स्टर्लिंग विद्यापीठाच्या लोकांनी केलेला. तो २०१२ साली प्रसिद्ध झाला. ब्रिटनमधल्या २० ठिकाणी त्यांनी पवनचक्की आळीपाळीने चालू ठेवली आणि ब्रेक लावून थांबवली, आणि दोन्ही वेळा आजूबाजूला किती पक्षी नि वटवाघळं फिरतात ते नोंदवलं. पक्ष्यांना विशेष फरक पडला नाही. वटवाघळांना पडला. चालू पवनचक्कीच्या पाच मीटरच्या आत त्यांची ये-जा २०-२५ मीटरवरच्या मानाने ५४ टक्क्यांपर्यंत कमी भरली. खांब तोच, जागा तीच, पण पाती थांबली की परत येत होती. म्हणजे त्यांना नको असतं ते फिरणं. यावरून त्यांनी सांगितलं की वटवाघळांच्या वावरण्याच्या जागेपासून अशी पवनचक्की निदान २० मीटर लांब असावी. मालकांना विचारून मेलेल्या वटवाघळांचा अंदाजही नंतर काढला गेला. तो एका पवनचक्कीमागे वर्षाला एकाहून बराच कमी निघाला. अर्थात मेलेलं पाकोळीएवढं जनावर सकाळपर्यंत मांजर ठेवत नाही, हे धरून चाला.

प्रकरण मेलेल्यांच्या मोजणीत मावत नाही, याचं उदाहरण तुमच्या शेजारीच आहे. चाळकेवाडीच्या पठारावरच्या मोठ्या पवनचक्क्यांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ एक चतुर्थांश उरले होते, आणि त्यामुळे गळ्याला रंगीत पंखा असलेले ते सरडे वाढले होते, धीटही झाले होते. जमिनीवर पडलेली पाखरं वेचत बसलं असतं तर हे कधी कळलं नसतं.

इथल्या पाकोळीचं, म्हणजे पिपिस्ट्रेलचं, वजन पाच ग्रॅमच्या आसपास. आपल्याकडची पाकोळीही तिच्याच गणातली. माझ्याकडे वटवाघळांचा आवाज ऐकायचं छोटं यंत्र आहे. ४५ किलोहर्ट्झवर लावलं की कुंपणाच्या कडेने उडणारी पाकोळी ओल्या फडक्याने फरशीवर चापट्या माराव्यात तशी ऐकू येते, सेकंदाला दहाएक चापट्या. किडा सापडला की चापट्यांचा वेग वाढतो आणि शेवटी चर्रर्र असा एकच आवाज होतो. मग क्षणभर शांतता. खाल्ला.

आता हिशोब बघा. ३ किलोवॅटच्या पवनचक्कीचा व्यास साधारण ४ मीटर. मिनिटाला ३०० फेरे धरले तर पात्याचं टोक ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या वेगाने जातं. पाकोळी हाक मारते आणि तिच्या प्रतिध्वनीवरून समोरचं ओळखते; त्या चापट्या म्हणजे याच हाका. दोन हाकांमधल्या सेकंदाच्या दहाव्या भागात पातं अर्धा फेरा मारून मोकळं होतं. पहिल्या हाकेला समोर काहीच नव्हतं, दुसऱ्या हाकेला पातं नाकासमोर. मी तिच्या जागी असतो तर मीही लांबच राहिलो असतो.

मग लोक विहिरीला, गोठ्याला, झाडाला खेटून का बसवतात? केबलमुळे. ४८ व्होल्टच्या बॅटरीला करंट मोठा, अंतर वाढलं की व्होल्टेज पडतं, ते टाळायला जाड तांबं घ्यावं लागतं, आणि तांब्याचा भाव ऐकून माणूस म्हणतो, राहू दे, इथेच लावू. माझ्या एका गिऱ्हाइकाने अशीच कोठारामागे, कुंपणापासून सहा मीटरवर लावून घेतली होती. तक्रार वटवाघळांची नव्हती, वीज येत नाही ही होती. येणार कशी, झाडीतून आलेला वारा नुसता गोते खातो, पातं दर मिनिटाला तोंड फिरवतं. आमच्या धंद्यातला जुना नियम असा की ३०० फुटांच्या आत जे काही उंच असेल, त्याच्यापेक्षा पात्याचं खालचं टोक ३० फूट वर हवं. शेवटी खांब मोकळ्या रानात, चाळीसेक मीटर पुढे नेला. वीज वाढली. पाकोळ्या कुंपणाला परत दिसायला लागल्या, पण त्याचं श्रेय मला कुणी दिलं नाही.

तेव्हा तुमच्या बाबतीत विहीर सोडा. पाकोळ्या पाणी पितात ते उडता उडता पृष्ठभागाला तोंड लावून, आणि किडेही पाण्यावरच जमतात. मार्चनंतर ओढे आटले की तुमची विहीर त्या रानातली एकमेव पाणपोई असेल. विहिरीपासून, आंब्याच्या रांगेपासून आणि जुन्या घराच्या वळचणीपासून २० मीटर हा मी कमीतकमी आकडा धरतो. तीस-चाळीस जमले तर उत्तम. अंतर मोजायचं ते खांबापासून नाही, पात्याच्या टोकापासून. केबलचा खर्च वाचवायचा तर जास्त व्होल्टेजचं मॉडेल मागा आणि कंट्रोलर घराशी ठेवा.

गावाजवळच्या वडावर ती मोठी, फळं खाणारी वाघळं असतील तर त्यांना स्टर्लिंगचे आकडे चिकटवू नका. ती पाकोळीसारखी हाका मारून वाट काढत नाहीत, डोळ्यांनी आणि वासाने काढतात. वड ते फळबाग अशी त्यांची रोजची वाट ठरलेली असते. चार संध्याकाळी उभं राहून ती वाट बघा आणि त्या रेषेत खांब रोवू नका.

आणखी एक. पाकोळ्या जास्त करून वारा पडलेल्या रात्री उडतात आणि तेव्हा तुम्हाला वीज नसतेच. विजेचं गणित वाऱ्याच्या वेगाच्या घनाने चालतं: सेकंदाला ६ मीटरच्या वाऱ्यात जी मिळते, तिच्या एक अष्टमांश ३ मीटरच्या वाऱ्यात. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियामध्ये मोठ्या पवनचक्क्या मंद वाऱ्याच्या रात्री थांबवून पाहिल्या, तर वटवाघळांचे मृत्यू ४४ ते ९३ टक्क्यांनी घटले आणि वर्षाच्या विजेत एक टक्कासुद्धा तोटा झाला नाही. तुमच्याकडे खरा वारा पावसाळ्यात. दिवाळीनंतर शांत संध्याकाळी ब्रेकचा स्विच टाकून ठेवलात तर बॅटरीला कळणारही नाही. फक्त तो स्विच जोराच्या वाऱ्यात टाकू नका. तो जनित्राच्या तिन्ही फेजच्या तारा एकमेकींना जोडतो (शॉर्ट करतो), आणि वेगात असताना टाकला तर वाइंडिंग, म्हणजे जनित्रातली तारेची गुंडाळी, जळतं. आधी वारा पडू द्या.

विहीर, झाडं आणि घर यांच्यातली अंतरं पावलांनी मोजून आणि पश्चिमेला मोकळं रान किती आहे ते इथेच कमेंटमध्ये लिहा. खांब कुठे येईल ते सांगतो.