कीबोर्ड केस घेण्याआधी 'राजवाड्याच्या' टाइप करून बघा

तुमचा प्रश्न असा आहे : दहाव्या पिढीचा, १०.९ इंचाचा आयपॅड आहे, मराठी लिहायला कीबोर्डची केस घ्यायची आहे, ऑनलाइन दोन-अडीच हजारांपासून पंचवीस हजारांपर्यंत केसेस दिसतात, तर एवढा फरक कशाचा, आणि इंदुरात राहून कोणती घ्यावी?

मीही इंदूरचीच, राजेंद्र नगरला राहते. याच आयपॅडवर रोज दोन-तीन तास मराठी टाइप करते. मंडळाची स्मरणिका, सभांची इतिवृत्तं, आणि गेलं वर्षभर काकांच्या हस्तलिखित वह्या. पहिली केस चुकली, दुसरी जमली. चुकली ती का चुकली हे आधी सांगते, कारण तुम्हाला नेमकं तेच टाळायचं आहे.

ती केस मी ऑनलाइन मागवली होती. रंग सुरेख, कळांखाली दिवे, खाली टचपॅड, आणि शेकडो लोकांनी चांगलं म्हटलेलं. पहिल्याच संध्याकाळी काकांच्या वहीतलं एक पान घेऊन बसले. त्यात होतं, 'पुण्याच्या आत्याच्या घरी'. 'पुण' झालं, पाय मोडला आणि 'य' कुठे सापडेना. मराठीत 'य' ज्या कळीवर येतो ती तिरप्या रेघेची कळ, म्हणजे प्रश्नचिन्हाची, तिच्या जागेवर नव्हतीच. कोपऱ्यातली एफएन (Fn) ही जोडकळ दाबून दुसरी एक कळ दाबली की ती उमटायची. 'पुण्याच्या आत्याच्या' या दोन शब्दांत चार वेळा 'य' येतो. चारही वेळा हात उचलायचा, एफएन शोधायचं, परत जागेवर यायचं. चांगलं म्हणणारे सगळे इंग्रजी टाइप करणारे होते. त्यांना ती कळ दिवसातून दोनदा लागत असेल. आपल्याला प्रत्येक 'च्या'ला लागते.

हे का होतं ते नीट समजून घ्या, म्हणजे कुठल्याही केसचा फोटो बघून तुम्हाला अर्धा निर्णय करता येईल. मराठीचा इनस्क्रिप्ट लेआउट, म्हणजे कोणत्या कळीवर कोणतं अक्षर याची मांडणी, १९८६ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने प्रमाण म्हणून ठरवला. ती फार विचाराने केलेली आहे : स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. त्यामुळे दोन्ही हात आलटून पालटून चालतात आणि एकदा बोटांत बसलं की वेग छान येतो. पण व्यंजनं जास्त, म्हणून ती उजवीकडे पार कडेपर्यंत गेली आहेत. इंग्रजीत अर्धविराम असतो तिथे आपला 'च' आणि शिफ्ट धरून 'छ'. त्याच्या शेजारच्या अवतरणचिन्हाच्या कळीवर 'ट' आणि 'ठ'. वर चौकटी कंसावर 'ड' आणि 'ढ'. खाली तिरप्या रेघेवर 'य'. डॉक्टर, ऑफिस, कॉलेज यांतली 'ॉ' ही मात्रा तर उलट्या तिरप्या रेघेवर, अगदी टोकाला. इंग्रजी टाइप करणाऱ्याच्या दृष्टीने ही सगळी विरामचिन्हांची अडगळ. लहान कीबोर्ड बनवताना कात्री पहिली तिथेच लागते.

आणि कात्री लागणारच, त्याला इलाज नाही. साध्या कीबोर्डवर एका कळीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत साधारण १९ मिलिमीटर असतात. आकड्यांची ओळ बॅकस्पेससकट अशा १५ कळांएवढी रुंद, म्हणजे साडेअठ्ठावीस सेंटिमीटर. तुमचा आयपॅड आडवा धरला तर २४.८६ सेंटिमीटर. जवळजवळ पावणेचार सेंटिमीटर कुठूनतरी कमी करायचे आहेत. काही कंपन्या सगळ्याच कळा थोड्या थोड्या लहान करतात, काही मधल्या अक्षरांच्या कळा पूर्ण ठेवून कडेच्या चिरडतात, आणि काही कडेच्या कळा उचलून भलतीकडे नेतात. पहिले दोन प्रकार चालतात, हाताला सवय होते. तिसरा अजिबात घेऊ नका, फुकट मिळाला तरी नको.

दुसरी खोड उजव्या शिफ्टची. स्वस्त केसेसमध्ये वर जाण्याच्या बाणाची कळ बऱ्याचदा 'य'च्या कळीला चिकटून, उजव्या शिफ्टच्या जागी घुसवलेली असते आणि शिफ्ट तिच्या पलीकडे नखाएवढी उरते. आता आपले 'अ', 'आ', 'इ', 'ई', 'ए', 'ओ' बघा. सगळे डाव्या हाताचे आणि सगळे शिफ्ट धरून येणारे. म्हणजे शिफ्ट धरायची उजव्या करंगळीने. करंगळी सवयीने जिथे जाते तिथे बाण असला की कर्सर वरच्या ओळीत उडी मारतो आणि तुमचं 'आई' तिथल्या एखाद्या शब्दाच्या पोटात जाऊन बसतं. माझ्या त्या पहिल्या केसवर हेही होतं. इतिवृत्ताच्या एका पानात असे सहा-सात शब्द भलतीकडे घुसलेले मला छापायला देण्याच्या आदल्या रात्री सापडले. त्यानंतर ती केस मी कपाटात ठेवून दिली.

म्हणून आता कुणीही विचारलं की मी सांगते, दुकानात जाऊन 'राजवाड्याच्या वाटेवर आई' एवढं टाइप करून बघा. यात 'ड', 'य', 'च', 'ट' सगळे आहेत, शिवाय 'आ' आणि 'ई'साठी शिफ्टही येते. हे तीन शब्द खाली न बघता, तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नात तरी सरळ उमटले, तर पुढचं बोलायचं. कळांवर देवनागरी छापलेली नसते त्याची काळजी करू नका. पारदर्शक स्टिकर मिळतात. मात्र लावायचेच तर पातळ लावा आणि फक्त गरजेपुरते. मी सगळ्या कळांवर जाडसर स्टिकर लावले होते, तर केस मिटल्यावर त्यांचे चौकोनी ठसे काचेवर उमटायचे. आता फक्त 'च', 'ट', 'ड', 'य' आणि 'ळ'वर आहेत.

तुम्ही रोमन अक्षरांत लिहून त्याचं मराठी करून घेत असाल, तर हे कडेच्या कळांचं पुराण तुम्हाला निम्मंही लागू नाही, कारण सव्वीस अक्षरांत काम भागतं. फक्त पडद्यावरच्या कीबोर्डवर जे जसं होतं ते बाहेरच्या कीबोर्डवर तसंच होईल असं गृहीत धरू नका. स्वतःचा आयपॅड नेऊन, जोडून, खात्री करून घ्या.

आता पैशांच्या फरकाचं. तो मुख्यतः जोडणीचा आहे. दोन-पाच हजारांच्या केसेस ब्लूटूथवर चालतात. त्यांची स्वतःची बॅटरी असते, ती वेगळी चार्ज करावी लागते, आणि काही मिनिटं हात लावला नाही की कीबोर्ड झोपी जातो. उठायला क्षण-दोन क्षण घेतो, तेवढ्यात पहिलं अक्षर गळतं. महागड्या केसेस आयपॅडच्या स्मार्ट कनेक्टरला टेकतात. तीन बारीक धातूचे ठिपके आहेत, त्यांतूनच वीज जाते आणि त्यांतूनच अक्षरं. ना चार्जिंग, ना जोडाजोडी. अॅपलची मॅजिक कीबोर्ड फोलिओ अशीच, बाजारात आली तेव्हा जवळपास पंचवीस हजारांची होती. लॉजिटेकची कॉम्बो टचही कनेक्टरवरच चालते आणि शिवाय आयपॅडच्या कडा झाकते, जे फोलिओ करत नाही. घरात लहान मुलं असतील किंवा आयपॅड पिशवीतून फिरत असेल तर मला कॉम्बो टच जास्त शहाणपणाची वाटते. कडेच्या काही कळा यांतही अरुंद असणारच, जागाच तेवढी आहे. चाचणी त्यांनाही लावा.

रोज एका बैठकीत दोन तास लिहिणाऱ्याला ब्लूटूथचा त्रास होत नाही, कारण कीबोर्ड झोपतच नाही. दिवसभरात वीस वेळा पाच-पाच मिनिटं लिहिणाऱ्याला मात्र तो जाणवतो. तुमचं लिहिणं कसं आहे त्यावरून ठरवा.

बसता कुठे, हेही बघा. मी बरंचसं खाली, मांडी घालून लिहिते. मागे टेकू देऊन उभ्या राहणाऱ्या केसला, म्हणजे फोलिओ आणि कॉम्बो टच दोन्हींना, पुढे-मागे भरपूर सपाट जागा लागते. मांडीवर टेकू घसरतो आणि आयपॅड मागे कलंडतो. अवंतिका एक्सप्रेसने मुंबईला जाताना बर्थवर बसून मी हा प्रयोग केला आहे, शेवटी उशी मांडीवर घेऊन त्यावर जाड फाइल ठेवावी लागली. मांडीवरच लिहायचं असेल तर लॅपटॉपसारख्या घट्ट बिजागरीची केस बघा, पण ती जड असते. आयपॅड ४७७ ग्रॅमचा, तो मागे पडू नये म्हणून खालच्या भागात वजन भरावं लागतं. दोन्ही मिळून किलोच्या आसपास जातं आणि हलका म्हणून घेतलेला टॅबलेट हलका राहत नाही. उलट, वाचताना कीबोर्ड सुटा करून बाजूला ठेवता येतो अशी केस मला फार सोयीची पडली. काका आयपॅड हातात घेऊन मी केलेलं टंकन तपासतात, त्यांना नुसता पडदा देता येतो.

काकांवरून आणखी एक. त्यांना पेसमेकर आहे. या सगळ्या केसेसमध्ये लोहचुंबक असतात, आयपॅडमध्येही. पेसमेकरसारख्या उपकरणापासून अशी वस्तू १५ सेंटिमीटरहून लांब ठेवावी असं अॅपलचंच म्हणणं आहे. काका आडवे पडून आयपॅड छातीवर टेकवायचे, ते आम्ही बंद केलं. तुमच्या घरात कुणाला असेल तर डॉक्टरांशी बोलून घ्या.

मापाची फसगत टाळा. दुकानदार तुम्हाला '१०.९ इंच' एवढंच ऐकून केस काढून देईल. आयपॅड एअरची चौथी आणि पाचवी पिढीही १०.९ इंचाचीच आहे, पण ती ६.१ मिलिमीटर जाड आणि तुमचा ७ मिलिमीटर. लांबी-रुंदीतही एकेक मिलिमीटरचा फरक आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे एअरचा स्मार्ट कनेक्टर पाठीवर आहे आणि तुमचा कडेला. एअरची कनेक्टरवाली केस तुमच्या आयपॅडला लागूच होणार नाही. सेटिंग्ज, जनरल, अबाउट असं जा आणि मॉडेल नंबरवर एकदा टॅप करा, 'ए'ने सुरू होणारा चार आकडी नंबर येईल. फक्त वाय-फायवाल्या दहाव्या पिढीचा तो ए२६९६ आहे. तो कागदावर लिहून न्या.

इंदूरच्या जेल रोडवर टॅबलेटच्या केसेस भरपूर मिळतात. शनिवार-रविवारची संध्याकाळ टाळा, दुकानदाराला वेळ नसतो. मी दुपारी बाराच्या सुमाराला गेले होते. पहिल्या दुकानात "मॅडम, सब में चलता है" म्हणून पॅकबंद खोकं पुढे केलं, उघडून द्यायला तयार नव्हते, मी बाहेर पडले. तिसऱ्या दुकानातल्या मुलाने चार केसेस टेबलावर मांडल्या आणि एकेक ब्लूटूथला जोडून दिली. घरून निघण्यापूर्वीच सेटिंग्जमध्ये जनरल, कीबोर्ड इथे मराठी जोडून ठेवा. बाहेरचा कीबोर्ड जोडला की तिथेच हार्डवेअर कीबोर्ड असा पर्याय दिसू लागतो, आधी दिसत नाही. त्यात मराठीवर टॅप करून लेआउट निवडायचा, आणि लिहिताना कंट्रोल धरून स्पेस दाबली की इंग्रजी-मराठी आलटून पालटून येतात. चारपैकी दोन केसेसवर 'य' जागेवर नव्हता. तिसरीवर उजवी शिफ्ट चिमुकली. चौथीवर 'राजवाड्याच्या' दुसऱ्याच प्रयत्नात सरळ आलं. ब्लूटूथची, सुट्या कीबोर्डची, चार्जिंग टाइप-सी. साडेचार हजारांना घेतली, आजही तीच वापरते, हे उत्तरही तिच्यावरच लिहिलं आहे.

तुमचं लिहिणं बहुतेक घरी, एका टेबलावर होत असेल तर मात्र मी केस घ्याच असं म्हणणार नाही. हजार-बाराशेचं साधं स्टँड-कव्हर आणि वेगळा, पूर्ण रुंदीचा ब्लूटूथ कीबोर्ड घ्या. साडेअठ्ठावीस सेंटिमीटर पूर्ण मिळतात, एकही व्यंजन चिरडत नाही. फिरतीवर लिहिणार असाल, तर जेल रोडला जाण्यापूर्वी आयपॅड पूर्ण चार्ज करून, त्याच्यावरचं जुनं कव्हर काढून न्या. जुन्या कव्हरसकट केस नीट बसते की नाही ते कळत नाही.